परातीतला ग्रह

अमडापूरच्या शाळेत प्रेमानंद हिवाळे शिक्षक नव्हते. ते प्रयोगशाळेचे परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, सांगाड्यावरची धूळ झटकायची, आणि शास्त्राचे सर मतमोजणीच्या ड्युटीवर गेले की वर्ग शांत बसवायचा, एवढंच त्यांचं काम. पण या शाळेतून गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याच्या वेळचे मुख्याध्यापक कोण होते हे आठवायला तो डोकं खाजवेल. प्रेमानंदकाकांचं नाव मात्र झटक्यात सांगेल, आणि लगेच म्हणेल, ‘‘थे परातवाले ना बे?’’

कारण वर्षातून एक तास त्यांचा होता. आठवीला सूर्यमाला आली की सर स्वतःच म्हणायचे, ‘‘हिवाळे, तुमची परात काढा.’’ कपाटावरून पितळी परात खाली यायची. मधोमध सूर्य म्हणून एक संत्रं ठेवलं जायचं. त्याच्याभोवती प्रेमानंद कोरडी कणीक पसरत आणि सांगू लागत.

‘‘आंधी काहीच नव्हतं, पोट्टेहो. नुसती धूळ अन् वारा. सूर्याच्या भोवताल गरगर फिरून राह्यला. आता पाहा.’’

बाटलीतून पाण्याचे चार थेंब शिंपडायचे आणि दोन्ही हातांनी परात गोल हलवायला लागायचं. कणकेचे बारीक रवे व्हायचे, रवे एकमेकांना चिकटून त्यांचे मणी व्हायचे, मोठा मणी वाटेतले लहान मणी गिळत जायचा. पाच मिनिटांत संत्र्याभोवती आठ-दहा गोळ्या घरंगळत असायच्या. पुस्तकात दोन पानं वाचून जे डोक्यात शिरलं नसतं ते पोरांना तिथे डोळ्यांनी दिसायचं. धुळीचा खडा होतो, खड्याचा डोंगर, डोंगराचा ग्रह. मुख्य गोष्ट म्हणजे हळू आपटायला पाहिजे. हळू आपटलं तर चिकटतं, जोरात आपटलं तर फुटतं.

पण पोरं वाट पाहायची ती शेवटाची. मंगळ आणि गुरू यांच्या मधली जागा दाखवून प्रेमानंद आवाज खाली आणायचे. ‘‘इथी एक ग्रह होता. आपल्या पृथ्वीसारखाच. पुरा बनलेला.’’ दोन दिवस खिडकीत वाळवलेला काळ्या मातीचा गोळा ते परातीत ठेवत आणि किलोचं लोखंडी वजन डोक्याच्या वर नेऊन त्यावर आपटत. धाडकन आवाज, माती चहूकडे, पोरींच्या किंकाळ्या, टाळ्या. ‘‘फुटला! त्याचे हे तुकडे. यालेच लघुग्रह म्हनते. लोणारले जो पडला, थो यातलाच एक.’’ सहल म्हणून लोणार सगळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे वर्ग एकदम पुढे सरसावायचा. मग ते शेवटचं वाक्य बोलायचे, आणि ते बोलताना पोरांकडे नाही, खिडकीबाहेर पाहायचे. ‘‘पन तुकडे अजूनही फिरूनच राह्यले. एक दिवस पुन्हा जोडतीन.’’

फुटलेल्या ग्रहाची गोष्ट त्यांना शास्त्राच्या जुन्या रंगराव सरांनी सांगितली होती. सरांनी ती कुठल्याशा जुन्या मासिकात वाचली होती, आणि सर जाऊन आता बावीस वर्षं झाली. पुन्हा जोडण्याचं शेवटचं वाक्य मात्र सरांचं नव्हतं. ते प्रेमानंदांनी पदरचं घातलं होतं.

यंदा जुलैच्या एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. निवृत्तीच्या सोहळ्याची शाल कोणी आणायची यावर शिक्षकांमध्ये चर्चा चालू असतानाच, आठवडाभर आधी, शेगावहून मयुरीचा फोन आला. मयुरी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. अठ्ठावीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, शेगावात शिकवणी वर्गात शास्त्र शिकवते. ती एक वर्षाची असताना आईच्या कडेवर बसून अमडापूरहून गेली, ती परत कधी आली नव्हती. प्रेमानंदच वर्षा-दोन वर्षांतून शेगावला जायचे, स्टेशनाजवळ हॉटेलात तिला भेटायचे, कचोरी खाऊ घालायचे आणि परतीची बस धरायचे. बाप-लेकीचं बोलणं इतकं जपून चालायचं की शेजारच्या टेबलावरच्याला वाटावं, पोरगी नोकरीची मुलाखत देते आहे.

‘‘बाबा, शनिवारी मी येऊन राह्यली अमडापूरले,’’ ती म्हणाली. ‘‘आईनं एक विचारायला सांगितलं होतं. ती परात अजून आहे का?’’

‘‘हाये ना!’’ प्रेमानंद जवळजवळ ओरडले. ‘‘जिवापाड जपली.’’

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ प्रयोगशाळेच्या बाकावर बसून राहिले. सत्तावीस वर्षं जी बाई एका शब्दाने काही विचारत नाही, ती निवृत्तीच्या तोंडावर चुलीपुढची परात विचारते, याचा अर्थ काय होतो? तुम्ही-आम्ही तिऱ्हाईतांनी चार अर्थ काढले असते. प्रेमानंदांना एकच सुचला. आता इथे त्यांना बांधून ठेवणारं काही उरलं नव्हतं. शेगावात दोन खोल्या घेता येतील. तिघं राहू. त्यांनी त्याच संध्याकाळी चिखलीला जाऊन नवा शर्ट आणला आणि पत्र्याच्या पेटीतले कपडे बॅगेत भरून ठेवले. माणूस एवढ्याशा गोष्टीवर एवढी मोठी इमारत कशी उभी करतो, हे पाहून हसावं की रडावं कळत नाही.

ती परात धम्मशीलाची, म्हणजे त्यांच्या बायकोची होती. तिच्या बापाने, इंद्रभान वानखडेंनी, लग्नात आंदण दिलेली. आतल्या बाजूला मधोमध ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, ‘चि. धम्मशीला हिस सप्रेम, इंद्रभान वानखडे, शेगाव’. इंद्रभान रेल्वेत गँगमन होते. देताना ते जावयाला म्हणाले होते, ‘‘पोरगी आपल्या चुलीवर यात कनिक मळीन, तवा मी जेवाले येईन.’’

ती चूल काही पेटली नाही. प्रेमानंद लहान असताना बाप गेला, आणि मोठ्या भावाने, भाऊरावने, त्यांना वाढवलं. भाऊरावने शिकवलं, संस्थाचालकांच्या पायऱ्या झिजवून नोकरी लावून दिली, लग्न लावून दिलं. आई जनकाबाईही भाऊरावच्याच घरी. लग्नानंतर प्रेमानंद आणि धम्मशीला त्याच घरात, ओसरीला पडदा लावून राहिले. धम्मशीलाचं मागणं एकच होतं. मागच्या मोकळ्या जागेत दहा बाय बाराची खोली आणि वेगळी चूल. प्रेमानंदांचीही ना नव्हती. त्यांनी टिनपत्रे आणले. त्याच आठवड्यात वावटळ आली, भाऊरावच्या गोठ्याचं छप्पर उडालं, पत्रे तिकडे गेले. वर्षाने पुन्हा पत्रे आणि चौकट आणली, तर भाऊरावच्या पोराचं पायाचं हाड मोडलं, चौकट विकून अकोल्याचा दवाखाना झाला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी जनकाबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रियाही त्याच साली निघाली. भाऊराव कधी मागत नसे. तो नुसता दारात येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘‘प्रेम्या, आता कसं करावं गड्या?’’ तेवढ्याने प्रेमानंदांच्या हातातलं सुटायचं. भाऊराव वाईट माणूस नव्हता, हीच तर सगळी पंचाईत होती.

तिसऱ्या वेळी मात्र भिंती उभ्या राहिल्या, वरचे पत्रे तेवढे बाकी होते. मयुरी झालेली होती. पुढच्या पौर्णिमेला चूल पेटवायची ठरली आणि धम्मशीलाने माळ्यावरची परात काढून चिंचेने लख्ख घासली. नेमकं तेव्हाच तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. रंगराव सर म्हणाले, मोठी परात हवी, दोन दिवसांसाठी. प्रेमानंदांनी घासलेली परात उचलली आणि शाळेत नेली. प्रदर्शनात पहिला नंबर आला. मातीचा गोळा फोडला तेव्हा साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. परात परत नेऊन द्यायचं प्रेमानंदांच्या डोक्यातून गेलं. पौर्णिमेच्या दिवशी धम्मशीला नव्या चुलीपुढे बसली. परात नाही, आणि नवराही नाही. तो भाऊरावबरोबर खामगावला सरकी विकायला गेला होता.  तिने पोर कडेवर घेतलं आणि दुपारच्या बसने ती निघून गेली.

भांडण नाही, काडीमोड नाही. निरोप धाडले, माणसं पाठवली. ती म्हणायची, येते. आली नाही. शेगावात एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली आणि तिथेच राहिली. खोलीवर पत्रे चढले ते त्यानंतर दोन वर्षांनी. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणाले ते उगीच नाही. त्याच खोलीत प्रेमानंद आजवर एकटे राहतात. भाऊराव चार वर्षांमागे गेला, त्याची पोरं पुण्याला, मोठ्या घराला कुलूप.

लोक विचारायचे तेव्हा प्रेमानंदांचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘‘आपलं घर मोडलं, बाप्पा.’’ हे म्हणताना दुःख व्हायचं, पण त्यात एक आधारही होता. मोडलं म्हणजे आधी होतं. आणि जे एकदा होतं, त्याचे तुकडे कुठेतरी असणारच.

शनिवारी सकाळची शाळा होती. साडेअकराला शाळा सुटली आणि बारा वाजता मयुरी फाटकातून आत आली. खांद्याला पर्स, हातात रिकामी मोठी कापडी पिशवी. प्रेमानंदांनी तिला प्रयोगशाळेत नेलं, बाकावर बसवलं, चहा मागवला. ती म्हणाली, ‘‘बाबा, तीनची बस आहे. परात देता?’’

‘‘देतो ना. पन आंधी बस. तुले दाखवतो.’’

‘‘काय?’’

‘‘या गावातल्या सगळ्या पोट्ट्यांनी पाह्यलं. तूच तेवढी राह्यली.’’

आणि साठ वर्षांच्या त्या माणसाने नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून, रिकाम्या वर्गात, आपल्या एकुलत्या एक मुलीसाठी परात मांडली. संत्रं ठेवलं, कणीक पसरली, पाणी शिंपडलं. रवे जमले, मणी झाले. मयुरी पुढे वाकून पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, खरंखुरं. ‘‘बाबा, किती छान! मीही वर्गात असं करून दाखवीन.’’ एवढं सुख प्रेमानंदांना मागच्या सत्तावीस वर्षांत झालं नसेल. त्या भरात त्यांनी मातीचा गोळा ठेवला, वजन उचललं आणि आपटलं. मग तिच्याकडे पाहत, खिडकीकडे नाही, ते म्हणाले, ‘‘तुकडे फिरूनच राह्यले, मयुरी. एक दिवस पुन्हा जोडतीन.’’

मयुरीने अंगावर उडालेली माती झटकली. पण शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते, समोर चुकीचं गेलं की त्याला राहवत नाही.

‘‘बाबा, एक सांगू? तिथे ग्रह नव्हता.’’

‘‘फुटला ना.’’

‘‘फुटला नाही. झालाच नाही. पूर्वी तसं मानायचे लोक. पण तिथले सगळे तुकडे आज एकत्र केले ना, तरी आपल्या चंद्राएवढंही होत नाही. चंद्राचा विसावा-तिसावा हिस्सा फार तर.’’

‘‘मग झाला काऊन नाही?’’

‘‘बाजूला गुरू. तो आधी बनला, अन् केवढा मोठा. त्याची ओढ सारखी मधे. तुम्हीच म्हणता ना, हळू आपटलं तर चिकटतं? त्याच्या ओढीनं ते हळू आपटूच शकले नाहीत. जमायला लागले की वेग वाढायचा, जोरानं आपटायचे, फुटायचे. बरेचसे तर बाहेरच फेकले गेले. जे राहिले ते पहिल्यापासून सुटेच आहेत.’’ मग वडिलांचा चेहरा पाहून ती मवाळ झाली. ‘‘गुरूनं मुद्दाम केलं असं नाही, बाबा. तो आपल्या जागी होता, एवढंच.’’

प्रेमानंदांना भाऊराव दिसला. दारात उभा, प्रेम्या, आता कसं करावं गड्या.  तरी माणूस बुडताना काडीला धरतो तसं त्यांनी विचारलं, ‘‘तुले याद हाये का ग काही? इथलं? आपून तिघं होतो थे?’’

‘‘नाही बाबा. मी वर्षाची होते.’’

‘‘आई सांगत असन काही.’’

‘‘ती इथलं काहीच सांगत नाही. रागानं नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, ‘काय सांगू, आम्ही दोघं एका ताटावर कवा बसलोच नाई.’ ’’

प्रेमानंद आठवू लागले. तीन वर्षांच्या संसारातलं असं एक जेवण, ज्यात फक्त ते आणि ती, किंवा ते तिघं. दिवाळी भाऊरावकडे. पौर्णिमा भाऊरावकडे. आजारपण, पाऊस, रविवार. एकही सापडेना. आजवर ज्या घराच्या मोडण्याचं दुःख करत ते जगले, ते घर शोधायला गेले तर तिथे काहीच नव्हतं.

‘‘मयुरी,’’ ते तरी बोललेच, ‘‘म्या बॅग भरून ठेवली. म्हटलं, रिटायर झालो का शेगावले येतो. तिघं राहू.’’

मयुरी खाली पाहू लागली. चहा निवला होता. ‘‘बाबा, माझं लग्न ठरलं. डिसेंबरात. मी नाशिकला जाईन. आईला वाटलं, आजोबांच्या नावची परात मला आंदण द्यावी. म्हणून ती विचारत होती. पत्रिका पाठवीन मी. तुम्ही नक्की या.’’

नक्की या. पाहुण्याला म्हणतात तसं. प्रेमानंद मान हलवून म्हणाले, ‘‘हाव, येईन ना.’’ मग लगबगीने परातीतली माती झटकली, कणीक काढली, ओल्या फडक्याने पुसून परात तिच्या पुढे केली.

तिने ती उजेडात धरली. दर वर्षी एक गोळा, एक वजन. तळ सगळा ठेचलेला होता, खड्डेच खड्डे. नाव होतं तिथे सर्वात जास्त घाव बसलेले, कारण ग्रह नेहमी मधेच ठेवला जायचा. ‘इंद्र’ एवढी अक्षरं आणि खाली ‘गाव’ राहिलं होतं. एका ठिकाणी पितळ चिरलं होतं, त्यातून खिडकीचा उजेड बारीक दिसत होता.

‘‘दुरुस्त करून देतो,’’ प्रेमानंद म्हणाले. ‘‘खामगावले एक तांबट हाये.’’

‘‘राहू द्या, बाबा.’’

‘‘आईले सांगजो का...’’

‘‘मी सांगीन, सापडली नाही म्हणून.’’ तिने कापडी पिशवी घडी करून पर्समध्ये ठेवली. निघताना ती त्यांच्या पाया पडली, आणि क्षणभर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तीनची बस वेळेवर आली.

एकतीस तारखेला शाल, नारळ, भाषणं झाली. मुख्याध्यापक म्हणाले, शेवटचा एक परातीचा तास व्हायलाच पाहिजे. आठवीच्या वर्गात सातवीची पोरंही येऊन बसली. प्रेमानंदांनी सगळं नेहमीसारखं केलं. रवे जमले, मणी झाले. मग मातीचा गोळा परातीत ठेवला, वजन उचललं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले.

‘‘काका, फोडा ना!’’ पुढच्या बाकावरची पूनम म्हणाली.

त्यांनी वजन खाली ठेवलं. ‘‘थो फुटला नव्हता, पोट्टेहो. म्या आजवर खोटं सांगतलं. तिथी ग्रह झालाच नाही. बाजूच्यानं होऊ देल्ला नाही. नुसते तुकडेच होते, अन् तुकडेच हायेत.’’

वर्ग हिरमुसला. मागे कोणीतरी ‘‘हट्!’’ म्हणालं. सातवीची दोन-चार पोरं उठून गेली. पूनमने मात्र मोठ्या बहिणीकडून गोष्टीचा शेवट ऐकलेला होता.

‘‘पन काका, पुन्हा जोडतीन ना?’’

‘‘नाही.’’

‘‘कवाच नाही?’’

‘‘जोडाले आंधी एक असावं लागते, बाई,’’ प्रेमानंद म्हणाले. घंटा झाली. टाळ्या काही झाल्या नाहीत.

परात शाळेची नव्हती, म्हणून ती त्यांना घरी न्यावी लागली. संध्याकाळी खोलीत बॅग तशीच भरलेली पडली होती. प्रेमानंदांनी चुलीपुढे परात मांडली, पीठ घेतलं, पाणी घातलं आणि त्या परातीत पहिल्यांदा कणीक मळायला बसले. तळ सरळ नसल्यामुळे ती डुगडुगत होती, म्हणून बायका धरतात तशी एक पाय कडेवर देऊन त्यांनी ती दाबून धरली. पाणी खड्ड्याखड्ड्यांत जाऊन बसलं, चिरेतून थोडं जमिनीवर गेलं. दर खड्ड्यात पिठाची वेगळी गुठळी झाली. त्यांनी बोटांनी कोरून कोरून त्या मधे आणल्या, पुन्हा मळलं, पुन्हा आणल्या. शेवटपर्यंत त्याचा एक गोळा झाला नाही. मग जेवढं हाताला आलं त्याची एक पोळी लाटून ते जेवले.